जीपीएस फाइलमधून पेस, वेग आणि स्प्लिट: आधी संचयी अंतर, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घड्याळातली दहा किलोमीटरची धाव जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढली. अ‍ॅप म्हणतं १०.०२ किमी, ५२ मिनिटं ४८ सेकंद. तीच फाइल स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून वाचली तर १०.३७ किमी, ५५ मिनिटं ३१ सेकंद. मध्येच एका सेकंदाला वेग ताशी ४० किमी. फाइलमध्ये दर सेकंदाला एक बिंदू आहे. प्रत्येक किलोमीटरची वेळ, म्हणजे स्प्लिट, काढून बेरीज केली तर ती एकूण वेळेपेक्षा दहा सेकंदांनी कमी भरते. नेमकं चुकतंय काय?

एकच चूक शोधत बसलात तर ती सापडणार नाही, कारण इथे चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. अंतर जास्त येतंय ते एका कारणाने, वेळ जास्त येतेय ती दुसऱ्या, ४० चा वेग तिसऱ्या आणि हरवलेले दहा सेकंद चौथ्या. एकेक करून सोडवू.

सुरुवात फाइलमध्ये काय असतं इथून करायला हवी, कारण बरेचसे गोंधळ तिथेच जन्माला येतात. जीपीएक्समध्ये अंतर नसतं. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी वेळ, नसतो. वेगही बहुतेक वेळा नसतो: २००२ च्या १.० आवृत्तीत प्रत्येक बिंदूला वेगाचा रकाना होता, २००४ च्या १.१ आवृत्तीतून तो गेला, आणि आता कुणाला वेग लिहायचाच असेल तर तो एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे जादा माहितीच्या भागात, लिहिला जातो. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, माझा आग्रह आहे. प्रत्येक ट्रॅकपॉइंटमध्ये अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ दिसेल, बस. म्हणजे फाइल एवढंच सांगते की अमुक क्षणी तुम्ही साधारण अमुक जागी होतात. बाकीचं सगळं आपण काढायचं.

आणि या दोन मोजमापांची लायकी सारखी नाही. वेळ उपग्रहांच्या आण्विक घड्याळांवरून आलेली असते, तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. जागा मात्र काही मीटर इकडेतिकडे असते. म्हणून माझा पहिला नियम: वेळेला कधी हात लावायचा नाही. साफसफाई करायची ती जागेची आणि अंतराची.

वेळेच्या शेवटी झेड अक्षर असतं, म्हणजे ती यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ, आहे. स्प्लिटसाठी आपल्याला फक्त वजाबाकी हवी, त्यामुळे स्थानिक वेळेत बदलण्याची गरज नाही. उलट, बदलायला गेलात आणि प्रोग्रॅमने अर्ध्या बिंदूंना झोन लावला, अर्ध्यांना नाही, असं झालं तर नसती डोकेदुखी.

फाइल वाचताना नवख्यांना हमखास अडवणारी एक जागा सांगून पुढे जातो. जीपीएक्स म्हणजे एक्सएमएल, आणि त्याला नेमस्पेस असते, म्हणजे आतल्या प्रत्येक नावाला जोडलेलं एक आडनावच. ट्रॅकपॉइंट या नावाने साधा शोध घेतला तर प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि शून्य बिंदू परत देतो. चूक झाल्याचा संदेश येत नाही म्हणून माणूस तासभर भलतीकडेच शोधत राहतो. नावाआधी नेमस्पेस जोडा, किंवा पायथॉनमधली जीपीएक्सपाय लायब्ररी वापरा, ती हे सांभाळते.

त्याही आधी एक विचारतो: मूळ फिट फाइल, म्हणजे घड्याळ स्वतः लिहितं ती, मिळते का? मिळत असेल तर जीपीएक्सच्या वाटेलाच जाऊ नका. फिट आणि टीसीएक्स (धावेच्या नोंदीचा आणखी एक फाइलप्रकार) या दोन्हींत प्रत्येक बिंदूपाशी संचयी, म्हणजे सुरुवातीपासूनचं, अंतर लिहिलेलं असतं, लॅप (धावेचे तुकडे) असतात, लॅपच्या वेळा असतात. घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप लॅप धरला असेल तर तुमचे स्प्लिट आधीच तयार आहेत. शिवाय घड्याळाने ते अंतर स्वतःचं गाळण (फिल्टर) लावून काढलेलं असतं, कधी बुटावरच्या सेन्सरवरून घेतलेलं असतं. ट्रेडमिलवर धावलात तर जागा नोंदलेलीच नसते, तिथे हे एकमेव अंतर. फिटमध्ये बहुधा वेगही असतो, आणि जीपीएसवरून आलेला वेग म्हटला तर तो दोन जागांच्या वजाबाकीतून काढण्यापेक्षा भरवशाचा. बहुतेक रिसीव्हर तो उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉपलर परिणामावरून काढतात, आणि तो जागेपेक्षा खूप शांत असतो.

फिट ही बायनरी फाइल आहे, हाताने वाचायची नाही. पण लायब्ररीने कच्चे आकडे दिले तर ते ओळखता यायला हवेत. वेळ ३१ डिसेंबर १९८९ च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत असते. अक्षांश-रेखांश अंशांत नसून सेमीसर्कल नावाच्या एककात असतात: आकड्याला १८० ने गुणा आणि २ च्या ३१ व्या घाताने, म्हणजे २,१४,७४,८३,६४८ ने भागा. अंतर सेंटिमीटरमध्ये, वेग सेकंदाला मिलिमीटरमध्ये. उंचीला ५ ने भागून ५०० वजा करायचे. हे माहीत नसलं की लोक समुद्रकिनाऱ्यावरच्या धावेची उंची अडीच हजार मीटर काढतात आणि घड्याळाला दोष देतात.

आता तुमच्याकडे जीपीएक्सच आहे असं धरून चालू.

दोन बिंदूंमधलं अंतर हॅवरसाइन सूत्राने (गोलावरचं अंतर देणाऱ्या) काढा, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरा. पृथ्वी गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. ती खटकत असेल तर डब्ल्यूजीएस ८४ या, जीपीएस वापरतं त्या, लंबगोलावरची गणितं तयार मिळतात. पण प्राधान्यक्रम लक्षात घ्या: तुमच्या फाइलमधली चूक साडेतीन टक्के आहे. सूत्र बदलून ती जाणार नाही.

स्प्रेडशीटमध्ये काम करणार असाल तर दोन सूचना. कोन अंशांतून रेडियनमध्ये बदलायला विसरू नका. आणि सूत्रात दोन आकड्यांचा आर्कटॅन येत असेल तर एक्सेलमध्ये त्याचा क्रम आधी क्ष, मग य असा आहे. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत तो उलटा आहे. दुसरीकडून आणलेलं सूत्र जसंच्या तसं चिकटवलं की अंतरं पृथ्वीला अर्धी प्रदक्षिणा घातल्यासारखी येतात. प्रोग्रॅममध्ये अक्षांश-रेखांश नेहमी दुहेरी अचूकतेत (६४ बिटांत, ३२ नव्हे) ठेवा. एकेरी अचूकतेत ६४ अंशांच्या पुढच्या रेखांशाची सगळ्यात लहान पायरी विषुववृत्तावर सुमारे ८५ सेंटिमीटरची होते. सेकंदाला तीन मीटर धावणाऱ्या माणसासाठी ती पायरी फारच मोठी आहे.

तर मग साडेतीन टक्के आले कुठून? हे नीट समजून घ्या, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. १०.०२ किमी ५२:४८ मध्ये, म्हणजे तुम्ही सेकंदाला साधारण ३.१६ मीटर पुढे जात होता. समजा प्रत्येक दोन बिंदूंच्या मध्ये जीपीएसने तुम्हाला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं ८४ सेंटिमीटर सरकवलं. तुम्ही सरळच धावताय, पण फाइलमधली रेघ नागमोडी झाली. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा: ३.१६ चा वर्ग अधिक ०.८४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३.२७. म्हणजे दर सेकंदाला अकरा सेंटिमीटर जास्त. दहा किलोमीटरला ते साडेतीनशे मीटर होतात. तुमचे १०.३७ इथून येतात. जीपीएसची चूक कधी डावीकडे, कधी उजवीकडे असते म्हणून ती शेवटी फिटेल, असं मनाला वाटतं. जागेच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. अंतराच्या बाबतीत मात्र नाही. अंतर कधी ऋण होत नाही. बाजूची प्रत्येक हालचाल बेरजेतच पडते.

वेग जितका कमी तितका हा फुगवटा मोठा. सेकंदाला १.४ मीटर चालणाऱ्याला बाजूचा फक्त अर्धा मीटर मिळाला तरी अंतर सहा टक्क्यांनी वाढतं. आणि एका जागी उभं राहिलात तर जे काही अंतर नोंदलं जाईल ते शंभर टक्के खोटं.

यात फाइल बाहेर काढणाऱ्या अ‍ॅपचाही हात असू शकतो. तुमच्या फाइलमध्ये दशांशचिन्हानंतर किती आकडे आहेत ते मोजा. पाच असतील तर जागा १.१ मीटरच्या चौकटीत बसवलेली आहे. दर सेकंदाला बिंदू आणि चौकट एवढी जाड, म्हणजे उत्तरेकडे चालणारा माणूस कधी सेकंदाला १.१ मीटर, कधी २.२ मीटर चालतोय असं दिसणार. मधलं काही शक्यच नाही. सहा आकडे असतील तर चौकट ११ सेंटिमीटरची, सात असतील तर विसरून जा.

उपाय म्हणून पुष्कळ जण बिंदू गाळतात: दर पाचवा ठेवायचा, बाकी टाकायचे. नागमोडी कमी होते हे खरं, पण वळणं कापली जातात. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. तिथे सेकंदाला चार मीटरने धावताना दर पाच सेकंदांनी एक बिंदू घेतला तर २० मीटरच्या कमानीऐवजी १९.७५ मीटरची जीवा मोजली जाते. वळणावर सव्वा टक्का अंतर गेलं. दर सेकंदाच्या बिंदूंना हीच घट ०.०५ टक्के. म्हणजे बिंदू दाट असावेत आणि जागेची खोटी थरथर कमी असावी, दोन्ही हवं.

म्हणून मी बिंदू गाळत नाही, गुळगुळीत करतो. प्रत्येक बिंदूच्या जागी तो स्वतः, मागचे दोन आणि पुढचे दोन अशा पाच बिंदूंच्या अक्षांशांची आणि रेखांशांची सरासरी. वेळ तशीच. सुरुवातीला आणि शेवटी खिडकी लहान होत जाते, आणि पहिला व शेवटचा बिंदू जागचा हलत नाही. पाच ही खिडकी दर सेकंदाला बिंदू असेल तेव्हाची. घड्याळ चार-सहा सेकंदांनी एक बिंदू नोंदत असेल तर सरासरी घेऊच नका, वळणं सपाट होतील. तुमच्या फाइलवर हे केलंत की अंतर १०.०२ च्या जवळ सरकेल. तंतोतंत तेवढंच येणार नाही. घड्याळाचं गाळण वेगळं, तुमचं वेगळं, आणि १०.०२ हेही शेवटी मोजमापच आहे, सत्य नव्हे.

मोजून प्रमाणित केलेल्या मार्गावरची शर्यत असेल तर आणखी एक पर्याय आहे: अधिकृत अंतराला तुमच्या अंतराने भागा आणि त्या गुणकाने सगळं संचयी अंतर आकसून घ्या. मी हे करतो, पण शेवटचा उपाय म्हणून. फुगवटा सगळीकडे सारखा नसतो. उंच इमारतींच्या गल्लीत तो जास्त, मोकळ्या मैदानात कमी. एकच गुणक लावला की मैदानातला किलोमीटर आहे त्यापेक्षा आखूड भरतो आणि गल्लीतला लांब. शिवाय शर्यतीचा मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आणि वर हजारला एक मीटर मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. गर्दीतून वाट काढत धावणारा माणूस त्याहून जास्तच धावतो. त्यामुळे मॅरेथॉननंतर घड्याळावर ४२.१९५ ऐवजी ४२.५ दिसले तर त्यातला काही भाग पायांनी खरोखर कापलेला असतो.

आता तो ताशी ४० चा वेग. १०० मीटरचा विश्वविक्रम २००९ पासून ९.५८ सेकंदांवर आहे, म्हणजे सरासरी ताशी ३७.६ किमी. सकाळच्या धावेत ४० येणं म्हणजे एक बिंदू उडाला. असा बिंदू पकडायला निव्वळ वेगाची मर्यादा मला पुरेशी वाटत नाही. उडालेल्या बिंदूची खूण अशी की तो जातो आणि परत येतो: पहिल्यापासून दुसरा लांब, दुसऱ्यापासून तिसरा लांब, पण पहिल्यापासून तिसरा जवळ. ही अट लावली की खरोखर जोरात धावलेला सेकंद वाचतो आणि खोटा बिंदू जातो. ही साफसफाई सरासरीच्या आधी करा. नंतर केलीत तर उडालेल्या बिंदूने शेजारच्या चौघांनाही ओढून नेलेलं असतं आणि कुणालाच पकडता येत नाही. आणि बिंदू काढायचा म्हणजे बिंदू काढायचा, सेकंद नव्हे. आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंच्या वेळा जशा आहेत तशाच राहतात.

धावेच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाकडे जरा संशयाने बघा. उपग्रह नीट पकडायच्या आत बटण दाबलं तर सुरुवातीचे बिंदू दूर पडतात आणि मग सगळा माग एकदम जागेवर उडी मारतो. ही उडी परत जात नाही, त्यामुळे वरची अट तिला धरत नाही. नकाशावर डोळ्यांनी बघणं हाच तिथे खरा उपाय.

वेळेचा फरक सोपा आहे. ५५:३१ वजा ५२:४८ म्हणजे २ मिनिटं ४३ सेकंद. तुम्ही कुठे तरी थांबलात, बहुधा सिग्नलला, आणि घड्याळाने स्वतःहून मोजणी थांबवली. अ‍ॅपने ती वेळ वजा केली, तुमच्या प्रोग्रॅमने शेवटच्या बिंदूच्या वेळेतून पहिल्याची वेळ वजा केली. दोन्ही आकडे बरोबर आहेत, ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

फाइलमध्ये थांबा कसा दिसतो हे उपकरणावर अवलंबून. काही उपकरणं जीपीएक्समध्ये नवा सेगमेंट, म्हणजे मागाचा नवा तुकडा, सुरू करतात. काही फक्त वेळेत मोठी फट सोडतात. फिटमध्ये टायमर थांबला आणि सुरू झाला याच्या स्वतंत्र नोंदी असतात, म्हणून तिथे अंदाज करावा लागत नाही. सेगमेंट असतील तर एका सेगमेंटचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामधलं अंतर बेरजेत धरू नका, आणि सरासरीची खिडकीही त्या फटीपलीकडे नेऊ नका. सगळे बिंदू एका यादीत ओतणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही चूक हमखास असते. थांबून बसने दोन किलोमीटर गेलेला माणूस मग दोन किलोमीटर धावलेला दिसतो.

मी प्रत्येक तक्त्यात दोन रकाने ठेवतो: घड्याळाची सलग वेळ आणि चालती वेळ. चालती वेळ काढताना किती वेगाखाली थांबलो असं धरायचं हा तुमचा निर्णय. धावेला मी सेकंदाला एक मीटर धरतो, आणि वेग एका सेकंदाचा न बघता दहा सेकंदांचा बघतो. हा आकडा तक्त्याच्या वरच लिहून ठेवा, नाही तर सहा महिन्यांनी दोन धावांची तुलना करताना काय धरलं होतं ते आठवणार नाही. शर्यतीसाठी चालती वेळ वापरू नका. पाण्याच्या टेबलापाशी थांबलेले वीस सेकंद हेही शर्यतीचेच सेकंद.

आता स्प्लिट. साफ केलेल्या बिंदूंवरून एक तक्ता बनवा: प्रत्येक बिंदूला सुरुवातीपासूनची वेळ आणि सुरुवातीपासूनचं अंतर. माझ्या मते या कामात खरी गोष्ट ही एकच आहे. किलोमीटरचे स्प्लिट, मैलाचे स्प्लिट, पाच मिनिटांत किती अंतर, सगळ्यात जलद किलोमीटर, चढावरचा पेस, जे काही हवं ते या तक्त्यातून निघतं. पहिल्या किलोमीटरच्या आसपास तो असा दिसेल:

३११ सेकंद, ९९५.७ मीटर
३१२ सेकंद, ९९८.९ मीटर
३१३ सेकंद, १००२.२ मीटर
३१४ सेकंद, १००५.३ मीटर

हजारावा मीटर कुठल्याच बिंदूवर पडलेला नाही. तो ३१२ आणि ३१३ च्या मध्ये आहे. ९९८.९ पासून १००० पर्यंत १.१ मीटर, आणि त्या एका सेकंदात कापले ३.३ मीटर. म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांश भाग उलटला तेव्हा किलोमीटर पूर्ण झाला: ३१२.३३ सेकंद, ५:१२.३. अशीच २०००, ३००० मीटरची वेळ काढा, आणि लागोपाठच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे त्या किलोमीटरचा स्प्लिट. मैल हवे असतील तर १००० च्या जागी १६०९.३४४. याहून वेगळं काहीच करायचं नाही.

तुमचे दहा सेकंद कुठे गेले ते आता दिसेल. माझा अंदाज असा: तुम्ही अंतराला हजारने भागून बिंदूंचे गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या शेवटच्या वेळेतून पहिली वेळ वजा केली. पहिला गट ३१२ ला संपला, दुसरा ३१३ ला सुरू झाला. मधला एक सेकंद कुणाच्याच वाट्याला आला नाही. १०.३७ किमीमध्ये असे दहा सांधे येतात, दहा सेकंद गेले. घड्याळ पाच-सहा सेकंदांनी एक बिंदू नोंदणारं असतं तर मिनिटभर गेलं असतं. तेव्हा गटांची पद्धत सोडा. ती दिसायला सोपी आहे आणि हमखास चुकते.

याची एक बहीण आहे, तीही ओळखून ठेवा. अंतर हजारच्या पुढे गेलं की स्प्लिट लिहायचा आणि मोजणी पुन्हा शून्यावर आणायची. वरच्या उदाहरणात मोजणी १००२.२ ला शून्य होते, आणि वरचे २.२ मीटर हवेत विरतात. प्रत्येक किलोमीटर थोडा लांब मोजला जातो, शेवटचा तुकडा आखूड होतो. वेळेची बेरीज मात्र बरोबर येते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. शर्यतीत पेसरचं, म्हणजे ठरलेल्या पेसने धावून इतरांना वेग धरून द्यायचं, काम करणाऱ्या एका गटासाठी मी पूर्वी असेच तक्ते काढत होतो. विरळ बिंदूंच्या फाइलमध्ये दर किलोमीटरला सरासरी आठ-नऊ मीटर जात होते. अर्ध मॅरेथॉनच्या शेवटी शंभरहून जास्त मीटर कमी भरले, तेव्हा कुठे लक्षात आलं. त्या दिवसापासून मी मोजणी कधीच शून्य करत नाही. संचयी अंतर शेवटपर्यंत वाढतच राहतं.

पेस आणि वेग यांच्या सरासरीबद्दल बोललं पाहिजे, कारण इथे जाणकारही फसतात. पहिला किलोमीटर ४:०० ला, दुसरा ६:०० ला. दोन्ही मिळून १० मिनिटांत २ किमी, म्हणजे ताशी १२, पेस ५:००. पेसची सरासरी घेतली तर ५:०० येते, बरोबर. वेगांची घेतली, १५ आणि १०, तर १२.५ येते, म्हणजे ४:४८ चा पेस, चूक. कारण तुकडे समान अंतराचे आहेत. तुकडे समान वेळेचे असते तर उलट झालं असतं: वेगाची सरासरी बरोबर, पेसची चूक. दर सेकंदाचे बिंदू म्हणजे समान वेळेचे तुकडे, त्यामुळे प्रत्येक सेकंदाचा पेस काढून त्याची सरासरी घेणं सर्वथा चुकीचं. एका सेकंदाला तुम्ही जवळजवळ थांबलात तर त्या सेकंदाचा पेस किलोमीटरला दोन तास होतो आणि सगळी सरासरी खाऊन टाकतो. पाठ करायचं तर एवढंच करा: एकूण अंतर, एकूण वेळ, मग भागाकार. सरासरीची सरासरी नको.

आलेखासाठी क्षणाक्षणाचा पेस हवा असेल तर तो एका सेकंदावरून काढू नका. त्याच तक्त्यात मागच्या १५ सेकंदांत किती अंतर वाढलं ते बघा आणि त्यावरून काढा. मध्यांतराचा सराव असेल, २०० मीटर जोरात आणि २०० सावकाश असा, तर खिडकी सात-आठ सेकंदांवर आणा, नाही तर कडा विरघळतात. आणि पेसचा अक्ष उलटा ठेवा, जलद वर. हा माझा हट्ट आहे, पण उंचावणारी रेघ म्हणजे मंदावणं हे वाचताना प्रत्येक वेळी डोकं अडखळतं.

उंची अंतरात धरायची का? नको. दहा टक्क्यांच्या चढावरही तिरकं अंतर सपाटीपेक्षा फक्त अर्धा टक्का जास्त असतं, आणि जीपीएसची उंची जागेपेक्षा जास्त हलते. धरलीत तर खऱ्या अर्ध्या टक्क्याबरोबर खोटे दोन टक्के आत येतील. चढाचा पेस हवा असेल तर उंचीचा वेगळा रकाना ठेवा.

सगळ्यात जलद किलोमीटर शोधताना तो १ ते २, २ ते ३ अशा ठरलेल्या खांबांमध्येच असेल असं धरू नका, तो ३.४ पासून ४.४ पर्यंतही असू शकतो. प्रत्येक बिंदूपासून बरोबर हजार मीटर पुढची वेळ वरच्यासारखीच मधल्या भागातून काढा आणि सगळ्यात कमी फरक उचला. मात्र साफ न झालेली एखादी उडी राहिली असेल तर ती नेमकी इथेच विक्रम म्हणून वर येते, म्हणून हा आकडा नकाशावर पडताळल्याशिवाय कुणाला सांगू नका.

शेवटचा अपुरा तुकडा, तुमच्या धावेत ०.०२ किमीचा, वेगळा दाखवा. त्याची वेळ दाखवा, पेस दाखवू नका. वीस मीटरवरचा पेस म्हणजे जीपीएसच्या चुकीचा पेस.

राहिली छपाई. ५.७५ मिनिटं म्हणजे ५:४५, ५:७५ नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असलेली चूक अशी: मिनिटं खाली छाटून घ्यायची आणि उरलेले सेकंद जवळच्या पूर्णांकात न्यायचे. २९९.७७ सेकंदांचे मग ४ मिनिटं आणि ५९.७७ चे ६० सेकंद होतात, आणि कागदावर ४:६० उमटतं. आधी एकूण सेकंद पूर्णांकात न्या, मग मिनिटं वेगळी करा.

हे सगळं बसवून झालं की खऱ्या धावेवर तपासू नका, कारण खऱ्या धावेचं बरोबर उत्तर तुमच्यापाशी नसतं. स्वतःची खोटी फाइल बनवा. एकाच रेखांशावर सरळ उत्तरेकडे, दर सेकंदाला अक्षांश ०.००००३ अंशांनी वाढणारा, तासाभराचा माग. ६३७१ किमी त्रिज्येने प्रत्येक पाऊल ३.३३५८ मीटरचं, आणि प्रत्येक किलोमीटर २९९.७७ सेकंदांचा. तुमच्या प्रोग्रॅमने प्रत्येक स्प्लिट ५:०० छापला पाहिजे; ४:६० आलं तर छपाई चुकली. एक बिंदू दोनशे मीटर बाजूला टाकून बघा, काहीही बदलता कामा नये. शेवटी १५०० मीटरच्या आसपास साठ सेकंदांची फट घाला, म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या वेळा साठने पुढे ढकला. सलग वेळेच्या रकान्यात फक्त दुसरा किलोमीटर ६:०० व्हायला हवा, आणि चालत्या वेळेच्या रकान्यात तोही ५:०० च्या आसपासच राहायला हवा.